निधान

नवस माझा नव्हताच. जावेचा.
श्रावणात भिजल्या पानांवरून घसरून तिचा गुडघा मोडला
आणि घरातलं कुणीतरी पायी सौंदत्तीला गेलंच पाहिजे,
म्हणून नऊ वर्षं जिच्याशी बोलले नव्हते
तिच्या वाटणीची वाट माझ्या पायाला आली.

निपाणीत मी विड्या वळते.
पान भिजवा, पत्रा ठेवून कापा, तंबाखू भरा,
दोरा गुंडाळा, टोक मुडपा.
पंचवीसची जुडी, हजाराचा दिवस.
बोटं थांबली तरी मोजणी थांबत नाही:
देवळाच्या पायऱ्या, एसटीच्या खिडक्या,
आमच्या घरच्या मयताला कोण कोण आलं नाही,
जावेनं नळावर माझ्याआधी कितींदा घागर लावली.
सगळं जुड्या बांधून कोनाड्यात.

पहिल्या दिवशी संकेश्वरपर्यंत पावलं मोजली.
सत्तावीस हजारांच्या पुढं कुठंतरी
उसाचा ट्रक अंगावर धूळ टाकून गेला
आणि आकडा सुटला.
पुन्हा एकपासून धरला.

हुक्केरीच्या अलीकडं बाळव्वा भेटली.
चिकोडीकडची, म्हशींच्या बाजारात दलाली करणारी.
बाजारात म्हैस बघावी तशी तिनं माझी चाल बघितली
आणि म्हणाली, निधान, यव्वा, निधान.

माझं कानडी भाजीच्या दरापुरतं.
निधान म्हणजे आमच्या कीर्तनातला ठेवा,
जमिनीत पुरलेला हंडा.
मला वाटलं, ही रस्त्यात सोनं दाखवतेय.
खाली बघितलं तर
टाचेला फोड, लिंबाएवढा.

दुसऱ्या कुणीतरी मागून सांगितलं,
अगं, हळू चाल म्हणतीय ती.

रात्री शाळेच्या पडवीत
माझ्याच पिशवीतला विडीचा दोरा तिनं सुईत ओवला,
फोडातून आरपार नेला, आणि दोरा आतच ठेवला.
पाणी आपली वाट आपण काढतंय,
असं काहीतरी म्हणाली असावी.

यरगट्टीच्या पुढं नुसती काळी माती
आणि कणसाला आलेला शाळू.
मला तिला जावेचं सांगायचं होतं.
मनात सगळं जुळवलेलं, नऊ वर्षांचं, तारखेसकट,
पण शब्द नव्हते.
हातानं नळ दाखवला, घागर दाखवली,
माझ्या पुढं घुसणारी बाई दाखवली.
तिनं मला पाणी दिलं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, जरा चिडून.
पुन्हा पाणी.
तिसऱ्यांदा मी हात उचलायच्या आधीच
तांब्या पुढं आला.
प्याले. गार होतं.

डोंगरावर नऊ तास रांग.
भंडाऱ्यानं माणसांची तोंडं ओळखू येईनात.
आईसमोर मिळाले दोन श्वास.
जावेच्या गुडघ्याचं बोलले.
माझं काय, ते आठवेपर्यंत
मागच्यांनी ढकललं.
खाली आल्यावर ध्यानात आलं,
पायऱ्या मोजायच्या राहिल्या.
बाळव्वा गर्दीत कुठं गेली तेही कळलं नाही.
तिचं गाव विचारलं होतं, नाव विचारलं होतं,
आडनाव राहिलं.

घरी येऊन जावेच्या कपाळाला भंडारा लावला.
हात तिथपर्यंत नेताना कोपरात अवघडला,
एवढं खरं.
ती म्हणाली, माझ्यासाठी मागितलंस?
मागितलं.
आणि तुझ्यासाठी?
मी म्हटलं, पाणी आलंय नळाला.

मिटलं असं काही नव्हं.
मधली भिंत आहे तिथंच आहे,
आणि माझी भाकरी तिला अजून जाडच लागते.
फक्त कोनाडा उघडला की
जुड्या सैल झालेल्या दिसतात,
कुणाचा दोरा सुटलाय, कुणात काय होतं
नीट आठवत नाही.

परवा ठेकेदाराच्या पोरानं एक जुडी परत फेकली.
चोवीसच आहेत, मावशी. ध्यान कुठं असतं तुमचं?
सूप हलवून बघितलं, पदर झटकला,
पाटाखाली बघितलं.
पंचविसावी कुठंच नव्हती.
टाच अजून थंडीत ठणकते.
निधान, म्हटलं त्याला.
तो बघतच राहिला.
मी नवीन पान भिजत घातलं.