समासातले सात

फिरके सरांनी आठवडाभर फाटकाशी उभं राहून नावं लिहिली.
शनिवारी कागद माझ्या टेबलावर:
एकदा तरी उशिरा आलेली चौदा,
त्यातली नऊ एस.टी.ने येणारी.
"बघा मॅडम, पाड्यावरच्या पोरांना वेळेचं वळणच नाही.
चौदात नऊ. गणित तरी मान्य ना?"

गणित मान्यच होतं.
चौदात नऊ म्हणजे नऊच, चोपड्यात काय नि धुळ्यात काय.

सोमवारी नववीच्या फळ्यावर मी खिडकी काढली
चार तावदानांची.
वर लिहिलं: वेळेत, उशिरा.
डावीकडे: एस.टी.ने, गावातून.
छत्तीस आणि नऊ.
त्याखाली दहा आणि पाच.
उजव्या समासात पंचेचाळीस, पंधरा,
तळाच्या समासात शेहेचाळीस, चौदा,
आणि कोपऱ्यात, जिथे दोन्ही वाटा भेटतात, साठ.

आत शिरण्याआधी समासाला विचारायचं, मी म्हटलं.
नऊ नुसता नऊ नसतो,
कशापैकी नऊ, हे विचारल्याखेरीज त्याला तोंड फुटत नाही.
उभं वाचा: चौदापैकी नऊ.
आता आडवं वाचा.
पंचेचाळिसापैकी नऊ. पाचांत एक.
त्याखालची ओळ, पंधरापैकी पाच. तिनांत एक.
ज्यांना अंथरुणात शाळेची घंटा ऐकू येते
त्यांची ओळ.

मागून कुणी हसलं.
पराग बोरोले दप्तराचा बंद उगाच सोडून बांधत राहिला.
रूमली बारेला उठली,
फाट्यापर्यंत अंधारात चालत येते, हातात चपला,
म्हणाली, "म्हणजे सरांनी लिहिलं खरं,
फक्त प्रश्न एक आणि उत्तर दुसऱ्याचं?"
वा गं, मी म्हटलं. नुसतं वा गं.
मग मनातला खडू थांबला.
पंधरा म्हणजे मूठभर.
त्या आठवड्यात दोन सायकली पंक्चर झाल्या नसत्या
तर इथेही पाचांत एकच.
हेही सांगितलं. सांगावंच लागतं.
वर्ग थोडा हिरमुसला,
जिंकलेली कबड्डी पुन्हा खेळायला सांगितल्यासारखा.

धनराज नाना सूचनेची वही घेऊन दारात उभे होते.
पाण्याची टाकी भरणारे, घंटा देणारे,
बत्तीस वर्षं फाटक उघडणारे नाना
फळ्याकडे बघत म्हणाले,
"मॅडम, ज्या उन्यातच नही, त्यास्ले कथा लिखानं?"

मी हजेरीपट उघडला.
पटावर सदुसष्ट.
कोपऱ्यात साठ.
उशिरा यायलाही यावं लागतं,
हे मला त्या दिवसापर्यंत
कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं,
आणि मीही कुठल्या वर्गाला.

सात नावं. सहा पाड्यावरची,
दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला, गुजरातकडे.
एक गावातली. तिला हळद लागली.
पंधरा वर्षांची, भूमितीत हुशार,
प्रमेयाच्या शेवटी दोन रेघा ओढायची, ठसठशीत.

रूमली पुढे आली, खडू घेतला,
"उशिरा"च्या पलीकडे तिसरी उभी रेघ मारली.
सरळ आली नाही, खाली जाताना डावीकडे झुकली.
वरच्या घरात सहा, खालच्या घरात एक.
जुन्या बेरजा पुसल्या, नव्या मांडल्या:
एक्कावन्न. सोळा. तळाला सात.
पाच आणि नऊ होते तिथेच राहिले,
पण आता ते कशापैकी, ते बदललं होतं.

फिरके सर वऱ्हांड्यातून जाताना थांबले.
काही बोलले नाहीत. चष्मा पुसला,
तळाच्या साताकडे जरा वेळ बघितलं,
आणि विचारलं, "यातली कुणाचा फोन लागतो का?"

नाना घंटा द्यायला निघाले.
तेवढ्यात फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला,
आजची, पस्तीस मिनिटं उशिरा.
खिडकीतून दिसलं: फाटकाकडे पळत येणारी चार पोरं.
मी उठून त्यांची नावं लिहिली नाहीत.
मोजली मात्र.