सलग तीस दिवस

होनराव सरांचं घर औसा रोडच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी.
सर आणि मॅडम आता वाकडला लेकाकडं राहायलेत.
जायच्या आधी मुजम्मिलनं विम्याचा कागद वाचून दाखवला,
मी तिथंच होते, चहा गाळत:
घर सलग तीस दिवस रिकामं राहिलं
तर चोरीला कंपनी जबाबदार नाही.

सलग म्हणजे किती सलग, मी विचारलं.
मुजम्मिल म्हणाला, मावशी,
मधी एक रात्र कुणी झोपलं की सलग तुटतं.

म्हणून दर पंचवीस तारखेला
मी सलग तोडायला जाते.

बेचाळीस डबे पोचवून, नीटची पोरं,
भाजीत मीठ कमी पडलं तरी आईला फोन लावणारी,
मग हे कुलूप. कडी जराशी उचलून धरावी लागते.
आत शिरताना आधी खोकते.
कुणासाठी, ठाऊक नाही.
नळ सोडला की तो नुसता घसा खाकरतो,
मग लालसर, मग पाणी.
फ्रिज आ करून उभा, दारात सरांची फूटपट्टी.
कॅलेंडरचं पान उलटत नाही.
ते काम मला सांगितलेलं नाही.

लाइट लावायची, त्या दिवशीचा पेपर छातीशी धरायचा,
फोटो काढून पाठवायचा.
वाकडहून अंगठा येतो.
मागनं तीनशे रुपये.

सुरुवातीला स्वयंपाकघरात टाकायचे चटई.
झोपच लागंना.
माझ्या दोन खोल्यांत सहा माणसं,
अंगावर कुणाचा ना कुणाचा पाय असतोच.
इथं पाय माझे दोनच.
मग हॉलमध्ये. मग एकदा बेडवर नुसती टेकले,
तर सकाळी दूधवाल्याच्या हॉर्ननं जाग आली.

मार्चात वारं सुटलं.
सोलरची नळकांडी फुटली, जिन्यावरचा पत्रा शेजारच्या प्लॉटात.
सर्व्हेअर आला, भिंतीवर बोट ठेवून म्हणाला, ही भेग?
त्र्याण्णवची, म्हटलं. तिचे पैसे नकोत.
तो हसला नाही.
तेव्हा जन्मलाही नसंल.

तुम्ही कोण? नातेवाईक, भाडेकरू, वॉचमन?
कागदावर चौकोन तीनच.
फोनवर सर घाईघाईनं,
रहिवासी लिही महानंदा, रहिवासी.
चौकोनांच्या बाहेर लिहिलं.
र काढताना हात अडला,
पुढचं सरळ आलं.

सामानाची यादीही झाली त्या दिवशी.
टीव्ही, दोन कपाटं, शिलाई मशीन, मॅडमची तंबोऱ्याची पेटी,
तंबोरा वाकडला गेलाय.
संध्याकाळी माझ्या घराची यादी मनात करून बघितली,
कुकरच्या तीन शिट्ट्यांत संपली.
ते घर एक तास रिकामं राहिलेलं मला आठवत नाही.
मुजम्मिलनं त्याचं कधी काढलंही नाही.

तारीख होती नऊ.
घरी सांगितलं, क्लेमचं काम राहिलंय, तिथंच झोपते.
सासू म्हणाली, आत्ताच तर गेल्तीस की.
हाव म्हटलं, आणि चप्पल घातली.

लाइट लावली नाही. पेपर नेलाच नव्हता.
पत्रा गेलेल्या जिन्यात चांदणं
एकेक पायरी उतरायलं होतं.
कडी उचलली, आत गेले.
खोकायचं राहूनच गेलं.