बघतो

एकोणतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी फक्त बघत आलो.
ओल्या शाईचा वास, भोंग्याआधीचा चहा,
आणि डोळ्यांपुढे कोऱ्या नोटांचे ताव.
कधी एखादा ताव एकाच अंगाने छापून येई.
कागद अस्सल, पाणचिन्ह अस्सल,
धागासुद्धा जागच्या जागी,
पाठ मात्र पांढरी.
तो बाजूला काढायचा, नोंद करायची, भट्टीला द्यायचा.
माझी नजर पक्की, असं साहेबसुद्धा म्हणत.

रविवारी शरणपूर. डावीकडून तिसरा बाक,
आजोबांपासूनचा. तिथे दुसरं कुणी बसलं
की मी खाकरायचो.
नाताळला नवा सदरा, वर्गणी वेळेवर,
प्रभुभोजनाला मिशी पुसून पुढे जायचं,
आणि उपदेश लांबला
तर घरी मटण शिजलं असेल का, याचा हिशेब.
विश्वास होता. नव्हता असं नाही.
छत्रीसारखा, दाराआड खुंटीला.

शालमोन उबाळे माझ्याच पाळीत होता.
पाच वर्षं शिल्लक असताना राजीनामा दिला
आणि सिव्हिलमध्ये बेवारस पडलेल्यांना
आंघोळ घालून पुरायचं काम धरलं.
"यांनी कुठलं धरलंय, त्या कामानंच यांना धरलंय,"
केझियावहिनी म्हणायच्या,
रागानं नाही, पण हसूनही नाही.
फंडाच्या पैशातून वरची खोली व्हायची होती.
त्याच्या पेट्या झाल्या, साध्या, आंब्याच्या फळीच्या.

मी एकदा म्हटलं, अरे, महिन्यातून एखादा शनिवार कर की.
म्हणाला, "मेलेले वार बघून मरत नाहीत."

त्याचा फोन यायचा. चौथा खांदा कमी पडतोय, येतोस?
मी म्हणायचो, बघतो.
'नाही' म्हटलं की रात्री टोचतं,
'हो' म्हटलं की सकाळी उठावं लागतं.
'बघतो'त माणूस वर्षानुवर्षं आरामात राहतो,
भाडंसुद्धा पडत नाही.

मग जानेवारीत तीन आठवडे फोनच आला नाही.

त्यानं मला यादीतून काढलं असावं.
बाजूला काढलं, नोंद केली.
सकाळी सहाला, हात काखेत घालून, मीच गेलो.
आलास का, असं त्यानं विचारलं नाही.
हातात टॉवेल दिला.

दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला आलेला पोरगा.
नाव कुणाला ठाऊक नाही.
मनगटावर गोंदलेला क्रूस, म्हणून पोलिसांनी
शालमोनला कळवलेलं.
क्रूसाची एक फांदी अर्धीच.
माझी नजर सवयीनं तिथेच गेली.
गोंदणारा घाईत असेल,
किंवा पोरानंच हात ओढून घेतला असेल.
शालमोन तो हात धूत राहिला,
नखांतली माती, बोटांच्या बेचक्या,
जणू हा उठून जेवायला बसणार आहे.
त्याला ती फांदी दिसलीच नाही. किंवा
दिसली, आणि पुरेशी वाटली.

फाटकापासून खड्ड्यापर्यंत दोनशे पावलं.
मोजली मी.
चौघंच असलो की खांदा बदलता येत नाही,
हे मला माहीत नव्हतं.
साठाव्या पावलाला वाटलं, ठेवू खाली.
नव्वदाव्याला वाटलं, निदान थांबू म्हणू.
पण पुढचा थांबत नव्हता
आणि मी सोडली असती तर पेटी
माझ्याच बाजूला कलंडली असती.
तेवढा वेळ, दोनशे पावलं,
मी काहीच बघत नव्हतो.

पाळकबाईंनी प्रार्थना केली, थोडक्यात, थंडी होती.
मी माती लोटली. घरी आलो.
सदऱ्यावर खांद्याला फळीचा भुसा.
बायकोनं झटकायला हात पुढे केला,
मी मागे सरकलो. का, ते सांगता आलं नाही.

आज गुरुवार. दुपारची झोप लागत होती.
फोन वाजला. त्याचाच आवाज:
"येतोस?"

माझे ओठ मिटले,
'ब'साठी मिटतात तसे.
तिकडे तो गप्प.
खांदा अजून दुखतोय.