अकरावा टेक

डेट्रॉइट, फेब्रुवारी. हीटर बंद,
त्याची घरघर माइकला ऐकू जाते म्हणून.
वादक कोट घालूनच बसलेले.
स्पीकर तळघरात, माइक तिसऱ्या मजल्यावर,
मधला जिना हाच आमचा एको.

दहा टेक वाया गेले.
अकराव्याला ‘परत’ या शब्दावर
वर्नेलचा आवाज कातर झाला,
आणि नेमकी तेव्हाच, जिना पुसणाऱ्या
मिस लुवेनियाच्या बादलीची कडी
खण्णकन पडली.

लेमुएलने ब्लेड उचललं.
टेप मागे फिरवून पुन्हा ऐकली, पुन्हा.
ब्लेड खिशात टाकून म्हणाला,
राहू दे. बादली सुरात आहे.

परवा नातवाने साफ केलेली नवी प्रत लावली.
खरखर नाही, काही नाही.
‘परत’ आलं,
आणि माझं बोट आपोआप टेबलावर पडलं.

आजोबा, तो म्हणाला,
इथे ठोका नाहीये.