करमत नाही

परभणी–गंगाखेड, नऊ चाळीसची.
सत्तावन्न पूर्ण, आठ अर्धी,
आणि एक कोंबडीवाली, जी म्हणते
हिचं कशाचं तिकीट, मांडीवर तर बसलीय.
मी मशीनची बटणं दाबते, कागद फाडते.
प्रत्येक तिकिटाचे शेवटचे दोन आकडे
माझ्याकडे बघून डोळा मारतात.

आधी असं नव्हतं.
आधी आकडे म्हणजे सुट्टे पैसे,
जे कुणाकडेच नसायचे.

गुणवंत ठोंबरे, आमचे ड्रायव्हर,
सगळ्यांदेखत खेळायचे.
पोखर्णी फाट्याला चहाच्या आधी चिठ्ठी.
स्वप्नात म्हैस दिसली की अठ्ठा,
मेलेला बाप आला की मिंडी.
बाप पुष्कळदा यायचा.
गाडीतली माणसंच विचारायची,
काय ठोंबरे, आज काय आलं?

मला कोण विचारणार?
माझा खेळ न्हाणीत.
नळ सोडून, बादली वाहू देऊन,
मोबाईलचा आवाज बंद करून, तेरा पत्ते.
आठ दिवसांनी येणारं पाणी
मी नुसत्या आवाजासाठी सांडलं.
बाहेरून सासू म्हणायची,
महानंदा, किती गं वेळ?

जिंकायला नाही, खरं सांगते.
एका रात्री साडेसहा हजार जिंकले
तर छातीत धडधड, झोपच येईना.
सगळे हरले तेव्हा लागली.
रम्मीत पान टाकायला तीस सेकंद असतात.
तीस सेकंदांत आठवत नाही
सातव्या महिन्यात गेलेलं,
ज्याचं बारसं झालं नाही,
म्हणून कुणाला हाक मारून रडता आलं नाही.
पुढचे तीस सेकंद.
पुढचे तीस.

मग एका संध्याकाळी डेपोत बॅग मोजताना
चौदाशे साठ कमी.
कॅशियरनं दोनदा मोजले.
मीही मोजले, जसं काही मला माहीतच नव्हतं.
मागून ठोंबऱ्यांचा हात पुढे आला.
'बाईंनी सुट्ट्यासाठी माझ्याकडं दिलते.'
बाहेर पाण्याच्या टाकीपाशी म्हणाले,
'हे आज लावणार होतो मी.
तुमच्यापायी वाचले का बुडाले, कळंना.'

आता गुरुवारी सरकारी दवाखाना, खोली सोळा.
(सोळा. बघा.)
बाकाच्या दोन टोकांना दोघं.
ओळखीचं कुणी दिसलं तर
ते शुगरवाले, मी थायरॉइडवाली.
डॉक्टर म्हणजे पोरगीच, केसांना साधा रबर लावलेली.
काय त्रास होतो?
ठोंबरे म्हणाले, राग येतो.
कुणाचा?
गाडीचा. बायकोचा. बापाचा.
बाप कुठं असतात?
ठोंबरे खिडकीकडे बघत राहिले.
मी म्हणाले, मला करमत नाही.
तिनं पेन उचललं, पण लिहिलं नाही.
कधीपासून? म्हणाली.

हे कुणी विचारलंच नव्हतं.
मी बोटांवर मोजायला लागले
आणि करंगळीपाशी मोजणं विसरले.

आज अकरा दिवस.
'अकरा?' ठोंबरे स्टेअरिंगवरून म्हणाले,
'एक्क्यावर एक्का. जोडी झाली की!'
हसलो दोघंही.
हसणं मधेच तुटलं,
कारण तेवढ्यात दोघांनीही
ती मनातल्या मनात लावली होती.

दैठण्याला कोंबडीवाली उठते,
पदर सावरते, पाटी सावरते,
आणि पंखाखाली हात घालून म्हणते,
चल गं बकुळे, आलं घर.

बकुळा.

मी एक घंटी मारते. गाडी थांबते.
ती सावकाश उतरते, धुळीत उभी राहते.
आता दोन मारायच्या असतात.
ठोंबरे आरशातून बघतात.
पाठीमागून कुणीतरी ओरडतं, चला की ओ मॅडम,
आणि माझा हात तसाच वर,
दोरीला धरून.