एक जून

लातुरात वसतिगृहामागच्या खोलीत
टेबलं तीन, कूलर एक.
डॉक्टर शाहेदा हाडं वाचतात,
ॲडव्होकेट बिडवे कागद,
लोहकरे सर माणसं वाचतात, असं ते म्हणतात.
त्यांनी वाचलेलं मी रकान्यांत भरतो.
रोजचे साडेचारशे, प्रवास वेगळा.

प्रकल्पाचं नाव लांबलचक,
गावात सांगताना मी आखूड करतो :
वय मोजायला आलोत.
"मोजा की," सोजरबाई तांदळे म्हणाली,
"टेप आणलाय का?"

औशाच्या पुढं तिचं घर.
घराला नंबर आहे, सरकारनं दिलेला,
भूकंपानंतर. तिला तारीख नाही.

संमतीपत्रक वाचून दाखवलं, तीन पानं.
'आपण कोणत्याही क्षणी माघार घेऊ शकता'
इथं तिनं मला थांबवलं.
"घेऊन जावं कुठं म्हंता?"
अंगठा मात्र नीट दिला, शाई न फाकू देता.
सरावाचा होता.

प्रश्न चौदा. जन्म केव्हाचा?
"रझाकार गेले, त्याच्यावर बारा का चौदा वर्सांनी,
माय सांगायची.
भात्तरला खडीवर होते, भरलं टोपलं उचलायचे,
सुकडी पदरात बांधून आणायचे धाकट्याला.
भूकंपात थोरली पदराला आली होती.
आता तुमीच लावा हिसाब."

मी लावला.
चौकटीत जागा आठ आकड्यांची.

आधारवर चोपन्न.
मतदार यादीत एकोणसत्तर.
एक्स-रे उजेडाला धरून शाहेदा मॅडम म्हणाल्या,
पंचावन्न ते सत्तर, याच्या आत मी येणार नाही;
हाडं एकदा जुळली की
वय सांगायचं सोडून देतात.
बिडवे म्हणाले, आधार हा जन्माचा पुरावा नव्हे
आणि एक्स-रे म्हणजे नुसतं मत.
लोहकरे सरांनी वहीत 'स्मृती' लिहिलं,
खाली दोन रेघा ओढल्या.

निराधारच्या पगाराला पासष्ट लागतात.

दारात नात उभी होती, पूनम,
बोट विज्ञानाच्या गाईडात खुणेला.
शाळेच्या दाखल्यावर सोळा.
बापानं कुठल्याशा दवाखान्यातून अठराचा कागद आणलाय,
शेजारणीनं पाणी देता देता सांगितलं,
आणि तांब्या परत घेताना
मी काही सांगितलं नाही, असंही सांगितलं.
आमच्या नमुन्यात पंचावन्नच्या वरचेच बसतात.
मी तिला काही विचारलं नाही.
त्या घरात दोघींनाही वर्षं कमी पडत होती,
एकीला पगारासाठी,
दुसरीला, तिनं न मागता.

रात्री यादी लावली.
शाळेत गेलेले एकशे चाळीस,
त्यांतले एकसष्ट जन्मले एक जूनला.
संगणकानं सगळ्या ओळी तांबड्या केल्या.
"काय एकेक मास्तर!" लोहकरे सर म्हणाले,
"शाळा भरायची म्हणून आख्खी पिढी
एका दिवसात बाळंत केली."
मॅडम हसल्या, बिडवे हसले.
मीही हसलो.
माझ्या नेमणूकपत्रावर तीच तारीख आहे.
आई म्हणते, तू हुरड्यातला,
आगटी विझायची होती अजून.
पेढे मी जूनमध्येच वाटतो.

सोजरबाईसाठी 'इतर' हा रकाना उघडला.
लिहिलं : भरलं टोपलं उचलायची.
त्यात दहाच अक्षरं मावतात.
'भरलं टोपलं उच' एवढं राहिलं,
तेवढ्यावर जतन झालं.

मग पिशवी आवरताना
तळाशी एक कोरं पत्रक सापडलं,
अठराखालच्यांच्या संमतीचं,
या प्रकल्पात न लागणारं.
उगाच वाचलं, उभ्या उभ्या.
मुलीनं फक्त नाव लिहायचं.
सही बापाची लागते.