सतरा नंबरचा खड्डा

हस्त लागून चार दिवस झालेले.
सातव्या माळेची रात्र, माझी पाळी दहा ते सहा.
कोयलीच्या टाक्यांवरून बडोद्याकडे पाहिलं तर
मैदानांचे दिवे, परातीत ओतल्यासारखे,
आणि वाऱ्याच्या मर्जीनं गरब्याचा ठेका
येई, तुटे, टाळीवर पुन्हा जुळे.

पावागडाच्या अंगाला मात्र
कुणीतरी काडीवर काडी ओढत होतं,
ओली काडी, पेटत नव्हती.
उजेड दिसला की मी मोजायची.
चाळीसला गडगडाट. मग चौतीस.
तिसाच्या आत आला की भोंगा,
टाकीवर कुणी थांबायचं नाही.

खुमानसिंह परमार टेप घेऊन सतराच्या माथ्यावर.
नाफ्था किती उरलाय, वरून टेप सोडून पाहायचा.
वॉकीटॉकीत म्हणाला, "बेन, दोनच मिनिटं."

आता खरं सांगते.

आम्ही अर्थिंगला नुसतं अर्थ म्हणतो.
अर्थ लागली का, अर्थ तुटली का, अर्थ किती दाखवतेय.
वडील रावपुऱ्यात मराठीचे मास्तर,
जेवताना हसायचे: "पोरी, अर्थ पुल्लिंगी असतो."
असेल. आमची बाईच आहे,
प्रत्येक टाकीपाशी चार खड्ड्यांत बसलेली,
तांब्याची पट्टी, भोवती कोळसा, मीठ,
उन्हाळ्यात बादलीभर पाणी.
खानविलकर फोरमन सांगायचे,
"वीज अडवायची नसते, तिला घरची वाट दाखवायची.
आणि जमीन खाल्ल्या मिठाला जागते,
पण आधी घालावं लागतं."

ऑगस्टमध्ये सतराच्या बांधाआत गुडघाभर पाणी होतं.
विश्वामित्रीला पूर, कुणी म्हणालं मगरीचं पिल्लू दिसलं.
मी बांधावर उभी राहिले, छत्री मानेत धरून
मागच्या वर्षीचा आकडा उतरवला:
शून्य पॉइंट आठ ओहम.
खाली सही. चांगली सही आहे माझी.

बावीस.
मी भोंगा दाबला.

आणि सगळं पांढरं झालं.
टाक्यांना सावल्या नव्हत्या,
जिन्याची एकेक पायरी मोजता आली असती,
कठड्यावरचा त्याचा हात, मनगटावरचं घड्याळसुद्धा.
चारातला एकच खड्डा, मन म्हणत होतं, एकच,
तीन तर ठीक आहेत,
आणि त्या तिघांचे आकडे
मी खरंच मोजले होते का, ते आठवेना.

पडली भिंतीबाहेरच्या ताडावर.
ती ओली काडी अखेर पेटली
आणि पहाटेपर्यंत शेंडा धुमसत राहिला.
खुमानसिंह खाली आला, हेल्मेट काढलं,
माझ्याकडे पाहून म्हणाला,
"वर मी होतो, कापताय तुम्ही?"

सहाला पाळी संपली. मी घरी गेले नाही.
खिळे ठोकले, तारा ओढल्या, मीटरची मूठ फिरवली.
एकदा. मग खिळे हलवून पुन्हा.
अकरा पॉइंट चार.
उकरलं तर पट्टी हिरवी पडलेली,
हातात आली ती खारीसारखी, पापुद्र्यांनी.
नोंदवहीत जुन्या ओळीवर रेघ मारली, शेजारी लिहिलं:
ऑगस्टची नोंद न मोजता केलेली. सही माझीच.
नव्या साहेबांनी विचारलं, असं लिहायलाच हवं का?
मी पेन टोपणात घातलं.

खुमानसिंहही थांबला होता, न विचारता.
नवी पट्टी बसल्यावर त्यानं मिठाचं पोतं फाडलं,
ओंजळीओंजळीनं खड्ड्यात सोडत राहिला.
नऊ दिवस अळणी उपास त्याचा.
बोटांना लागलेलं मीठ सवयीनं तोंडाशी नेलं,
आठवलं, थांबला,
पँटला पुसलं.

तेव्हा मी त्याला सांगितलं.